झालं म्हणतंय

आमच्या सरांना 'कसं काय, बरं आहे का' असं विचारलेलं चालायचं नाही. ते उत्तरच देत नसत. सकाळी दवाखान्याच्या कम्प्युटर खोलीत शिरताना ते स्वतःच एक प्रश्न टाकायचे, "काय बदललं?" त्यावर आपण कालचं काही सांगायला लागलो की तळहात पुढे धरायचे. कालचं काल ऐकलंय, ते सोडून सांग. काहीच बदललं नसेल तर 'काही नाही' एवढं म्हणायचं, मग ते मान हलवून दुसऱ्याकडे वळायचे. चहा आणणाऱ्याला तेच, वॉचमनला तेच, घरून फोन आला तर काकूंनाही तेच. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या की, लग्नाला तीस वर्षं होत आली, पण एक गोष्ट ह्यांना दोनदा सांगायची सोय नाही. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणते, नशीबवान आहात. तिला काय कळणार.

मी तिथं लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. बीडमधला धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना, आणि त्याच्या तळमजल्यावर जिन्याखालची कम्प्युटरची खोली. आम्ही चौघं. सर माणसांना नावानं हाक मारत नसत; जो ज्या क्रमानं कामाला लागला तो त्याचा नंबर. ते स्वतः एक नंबर. मी शेवटी आलेली, म्हणून चार नंबर. पहिल्या दिवशी मला राग आला होता. आठवड्याभरात मी फोनवर आईलाही 'चार नंबर बोलतीय' असं म्हणून गेले.

नंबराची सवय शाळेतली. सर मूळचे वडवणीकडचे, आणि पहिली बारा वर्षं ते एका शाळेत खेळाचे मास्तर होते. कबड्डी आणि पळणं शिकवायचे. शाळेला कुठूनसे चार कम्प्युटर मिळाले, पण शिकवणारं कोणी नाही. खोके ठेवायचे कुठं, तर खेळाच्या सामानाच्या खोलीला चांगलं कुलूप होतं, म्हणून तिथं. चावी सरांकडे. दोन वर्षं ते खोके चटया आणि डंबेल्सच्या शेजारी तसेच पडून राहिले. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सरांनी एक उघडला. शाळा उघडेपर्यंत त्यांनी चारही सुटे करून परत जोडले होते. "एक इस्क्रू उरला," ते सांगायचे. "त्यो कुठला ते अजून कळलं न्हाई." पुढं शाळा सुटली. कशी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

शाळेतल्या दोन गोष्टी मात्र त्यांनी सोडल्या नव्हत्या. शिट्टी आणि घड्याळ. बटण दाबलं की सुरू होतं आणि दाबलं की थांबतं, ते पळण्याच्या शर्यतीचं घड्याळ. ते खिशात असायचं आणि सर सगळं मोजायचे. शिपाई चावी आणायला किती वेळ लावतो. एक फोटो उघडायला डॉक्टरांना किती वेळ थांबावं लागतं. लाइट गेल्यावर जनरेटर किती वेळात धरतो. काही सावकाश चाललंय अशी तक्रार आली की आम्ही लगेच कीबोर्ड ओढायचो. सर म्हणायचे, "आधी मोज, मंग पळव." तीन दिवस मोजल्याशिवाय ते कशालाही हात लावू देत नसत. आणि एखादं मोठं काम मशीनवर सुरू असलं की ते खुर्चीत बसत नसत. पोरं पळत असताना मास्तरनं बसायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक होतं. मशीनच्या पडद्यावर 'काम पूर्ण झालं' असं आलं तरी ते 'झालं' म्हणत नसत. ते म्हणायचे, "झालं म्हणतंय." मग स्वतः जाऊन दोन-चार फायली उघडून बघायचे आणि मग मान हलवायचे. ऑपरेशन झालेल्या पेशंटबद्दल एकदा मोठे डॉक्टर म्हणाले की नीट झालंय, तर सर सवयीनं म्हणाले, "झालं म्हणताय." डॉक्टर पुण्याकडचे. त्यांना ते फार लागलं. त्यानंतर महिनाभर ते सरांशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नसावं.

आता आमचं काम काय होतं ते सांगायला हवं.

साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, पेशंटच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढतात. आमच्या भागात त्याचं महत्त्व जास्त, कारण निम्मी माणसं दसरा-दिवाळीला ऊस तोडायला जातात ती उन्हाळा लागताना परत येतात. मधे डोळा कोण बघणार? म्हणून दवाखाना कडा, वडवणी, शिरूर कासार अशा ठिकाणी माणसं जाण्याआधी शिबिर घ्यायचा आणि ती परत आल्यावर पुन्हा घ्यायचा. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले की डॉक्टरांना कळतं, रोग जागेवर आहे की पुढं सरकलाय. एकट्या फोटोवरून ते कळत नाही. एका माणसाचे एका वेळचे दहा-बारा फोटो, शिवाय केसपेपर, शिवाय अहवाल. अशी वर्षानुवर्षं साठत साठत फायलींची संख्या कोटीच्या घरात गेलेली.

हे सगळं एका मोठ्या मशीनवर होतं. तिला सर 'थोरली' म्हणायचे. दवाखान्यात पाणी शिरलं किंवा आग लागली तर सगळं जायला नको, म्हणून बिंदुसरेच्या पलीकडं, संस्थेच्या नर्सिंग कॉलेजच्या इमारतीत, तसंच दुसरं मशीन ठेवलेलं. ती 'धाकटी'. थोरलीत जे बदलेल ते रोज धाकटीत जायला पाहिजे, एवढंच काम. पण ते करणारा जो प्रोग्राम होता तो रोज सगळी घरं फिरायचा. प्रत्येक पेशंटचा कप्पा उघडायचा, आत काय काय आहे बघायचं, मग धाकटीकडं जाऊन तिथला तोच कप्पा उघडायचा, दोन्ही जुळतात का बघायचं आणि पुढं जायचं. सुरुवातीला ह्याला तीन तास लागायचे. मी लागले तेव्हा तीस लागत होते. दिवस चोवीस तासांचा. म्हणजे आजची फेरी संपायच्या आत उद्याची सुरू व्हायची वेळ टळलेली असायची आणि धाकटी कायम मागे.

मशीन पुरवणाऱ्यांनी सांगितलं, सगळं जुनं झालंय, नवं घ्या. सरांनी तीन दिवस मोजलं आणि व्यवस्थापकांच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "अर्धा तास काम हाय आन साडेएकोणतीस तास नुसती चौकशी हाय. नव्या मशीनवर चौकशीच जलद होईल. चौकशीच कावून करायची, ते बघू." 'का' म्हणायच्या ऐवजी सर 'कावून' म्हणायचे.

तो उपाय मी शोधला. फोटोच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फोटोची तारीख-वेळ नोंदलेली असते. सगळी घरं फिरण्यापेक्षा त्या नोंदीलाच विचारायचं, कालच्या फेरीनंतरच्या तारखेचे फोटो कोणते? तेवढेच उचलायचे आणि धाकटीकडे न्यायचे. मी आठ दिवसांत ते लिहिलं. तीस तासांची फेरी चौदा मिनिटांवर आली. सरांनी घड्याळ लावून मोजलं, तीन दिवस. चौदा, चौदा, तेरा. स्टाफच्या मीटिंगमध्ये मला गुच्छ मिळाला. मोठ्या डॉक्टरांनी पुण्याच्या कुठल्या दवाखान्यातही असं नाही म्हणून सांगितलं. शेवटी व्यवस्थापकांनी सरांना दोन शब्द बोलायला लावलं. सर उठले आणि म्हणाले, "जलद झालं. बरोबर झालं का, ते मोजायचं राहिलं," आणि बसले.

त्यांचं म्हणणं होतं की जुनी तीस तासांची फेरी आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवायची. व्यवस्थापक नको म्हणाले, कारण त्या फेरीत सगळा दवाखाना संथ व्हायचा आणि रविवारी शिबिरं असायची. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी म्हणाले की गरज नाही. हे मी अजून विसरलेले नाही. मी काही भीत भीत म्हणाले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं, आणि थोडं असंही वाटत होतं की ह्या खेळाच्या मास्तराला माझं काम बघवत नाही. सरांनी वहीत एक ओळ लिहिली, 'पूर्ण तपासणी बंद केली', खाली तारीख घातली, आणि विषय संपला. माझं नाव त्यांनी लिहिलं नाही.

जवळजवळ सहा महिने सगळं छान चाललं.

मग एका गुरुवारी दुपारी थोरली बसली. तिच्यातल्या दोन डिस्क एका दिवसाच्या अंतरानं गेल्या, एक गेली तर चालतं, दोन गेल्या की सगळं जातं, आणि पहिलीच्या जागी घालायची नवी डिस्क अजून संभाजीनगरहून यायची होती. पुरवठादाराचा माणूस आला, त्यानं दोन तास बघितलं आणि हात झटकले. तरी मी घाबरले नव्हते. धाकटी होती ना. थोरलीत नव्या डिस्क घालून आम्ही धाकटीवरून सगळं उलटं भरलं, चार दिवस लागले, सोमवारी ओपीडी सुरू झाली. व्यवस्थापकांनी पेढे मागवले. पडद्यावर 'पूर्ण झालं' आलं होतं आणि ह्या वेळी आम्ही तिघांनी ते मनापासून वाचलं.

सरांनी पेढा खाल्ला नाही. त्यांनी कडा, वडवणी आणि शिरूर कासारच्या शिबिरांची कागदी रजिस्टरं मागवली. रजिस्टरमधलं एक एक नाव मोठ्यानं वाचायचे आणि मी मशीनवर त्याचे फोटो उघडून दाखवायचे. वडवणी जुळलं. शिरूर जुळलं. कड्याच्या रजिस्टरचं पहिलं नाव मिळालं, दुसरं मिळालं नाही. तिसरं मिळालं नाही. चौथ्याला मला कळलं होतं, पण सर वाचत राहिले आणि मी 'नाही' म्हणत राहिले. संध्याकाळपर्यंत न मिळालेली त्रेपन्न नावं झाली.

कड्याच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या कम्प्युटरमधली लहान बॅटरी संपली होती. तिथं लाइट गेली की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागं जायचं. लाइट आल्यावर ऑपरेटर मुलगी कधी ते सरळ करायची, कधी तिच्या ध्यानात यायचं नाही. त्या दिवशी काढलेल्या फोटोंवर जुनी तारीख पडायची. ते फोटो थोरलीत बिनचूक पोचायचे. पण मी लिहिलेला प्रोग्राम विचारायचा, कालच्यानंतरचे कोणते? ह्यांची तारीख तर कितीतरी वर्षांपूर्वीची. ते त्याला दिसलेच नाहीत. जुनी तीस तासांची फेरी असती तर तिनं घरोघर फिरून ते शोधले असते. कड्याच्या मशीनवर फक्त महिन्याभराचे फोटो राहायचे, त्याहून जुने आपोआप पुसले जायचे. आणि ही माणसं ऊसतोडीला जाण्याआधीच्या शिबिरातली होती. त्यांचे फोटो आता कुठंच नव्हते.

मी रडले वगैरे नाही. कान गरम झाले आणि तसेच राहिले. सरांनी मला पाणी दिलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. मला वाटतं, ते तेव्हा एकच गोष्ट बोलले, "बॅटरी बदलायला सांग."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी सांगितलं की कुणाला काही कळवायची गरज नाही. माणसं परत येतील तेव्हा नवे फोटो काढू, तिथून पुढं मोजू. डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. सर म्हणाले, "नवा काढू, पण त्यांना वाटंल जुन्याशी ताडून बघितलं. डॉक्टर काही बोलले न्हाई म्हणजे डोळा बरा हाय, असं समजून ते जातील. हे खोटं हाय." त्यांनी दवाखान्याची गाडी मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि माझाही द्यायला सांगितला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

असे आम्ही पाच-सहा रविवार आणि काही रजेचे दिवस एसटीनं फिरलो. त्रेपन्नातली काही माणसं जवळच होती, कड्याच्या कारखान्याच्या उसावर. काही लांब गेली होती. त्यांच्या मुकादमांचे नंबर सरांनी शिबिराचं रजिस्टर लिहिणाऱ्या मुलीकडून, किराणा दुकानदारांकडून, शाळेतल्या जुन्या पोरांकडून मिळवले. त्यांचे कबड्डीतले निम्मे गडी आता मुकादम झाले होते. फोनवर ते त्यांना 'काय बे सात नंबर' अशी सुरुवात करायचे आणि समोरचा माणूस पंधरा वर्षांनी ताठ होऊन बोलायला लागायचा.

कड्याच्या कारखान्याजवळ तोडणीवाल्यांचा तळ होता. उसाच्या पाचटाच्या कोप्यांची रांग, पुढं बैल, चुली. हे माझं ओळखीचं जग. माझे दोन्ही मामा तोडीला जायचे, आणि लहानपणी दोन हंगाम मीही अशाच कोपीत आईबरोबर राहिलेली. पण इंजिनिअर झाल्यापासून मी असल्या तळावर पाय ठेवला नव्हता. मी ओढणी सारखी करत मागं उभी राहिले. दुपार होती, माणसं फडातून आलेली, कुणी जेवत होतं, कुणी पडलं होतं. सरांनी इकडं तिकडं बघितलं, खिशातून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. अख्खा तळ उठून उभा राहिला. कुणाला वाटलं गाडी आली, कुणाला वाटलं साप निघाला. सगळे गोळा झाल्यावर सरांनी कागद काढून नऊ नावं वाचली आणि ती नऊ माणसं पुढं आली.

"मी डोळ्याच्या दवाखान्यातनं आलोय," सर म्हणाले. "तुमी इकडं यायच्या आधी तुमच्या डोळ्याचे फोटो काढलते. ते आमच्याकडून हरवले. पुन्हा काढावे लागतील."

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "फोटो हरवला ना. डोळा तर हाय जागेवर?" सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी त्या म्हाताऱ्याला पाच मिनिटं समजावलं की फोटो कशासाठी असतो, दोन फोटो शेजारी ठेवून काय बघतात आणि आता ते का बघता येणार नाही. म्हाताऱ्याचं हसू ओसरलं. दुसरा एक जण चिडला. बीडला यायचं म्हणजे आमचा दिवस मोडतो, कोयता बंद ठेवावा लागतो, चूक तुमची आन येरझार आमची का, असं त्यानं विचारलं. सरांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुढच्या रविवारी ते मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेले आणि हातात धरायचा छोटा कॅमेरा आणि एक डॉक्टर असं दोन्ही तळावर घेऊन आले. हे त्यांनी कसं जमवलं ते मला नंतर कळलं. त्यांनी डॉक्टरांना फक्त त्या चिडलेल्या माणसाचा प्रश्न वाचून दाखवला होता.

प्रत्येक ठिकाणी सर तेच वाक्य बोलायचे, 'आमच्याकडून हरवले.' मी त्यांच्या मागं उभी असायचे. त्या 'आमच्या' शब्दाच्या आडोशाला मी सगळे रविवार काढले. पुढं होऊन 'माझ्याकडून' म्हणावं असं मला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी तोवर सर पुढचं नाव वाचायला लागलेले असायचे. येताना बसमध्ये ते खिडकीला टेकून झोपायचे. मला वाटायचं, ते मला बोलायची संधी देत नाहीयेत. खरं म्हणजे मी मागत नव्हते.

त्या दोन महिन्यांत त्यांनी नवीन पद्धत बसवली. मी मदतीला होते, पण डोकं त्यांचं. तारखेवर विश्वास ठेवायचा नाही, हे पहिलं. "घड्याळ नको, नंबर टाक," ते म्हणाले. थोरलीत काहीही आलं, बदललं, पुसलं, की त्याच क्षणी तिनं यादीत पुढचा नंबर घालून ते लिहायचं. धाकटी फक्त विचारणार, माझ्याकडं इथपर्यंतचे नंबर आहेत, पुढचे दे. मधला नंबर चुकला की लगेच कळतं, कारण नंबर मागं जात नाहीत.

दुसरं, प्रत्येक पेशंटच्या कप्प्याला आतल्या सगळ्या फायलींवरून काढलेला एक ठसा द्यायचा. आतला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. गावातल्या सगळ्या ठशांचा मिळून गावाचा एक ठसा, गावांचा मिळून तालुक्याचा. दोन्ही मशीनवर तालुक्याचा ठसा जुळला, की आतलं एकही घर उघडायचं कारण नाही. नाही जुळला तर गाव बघायचं, गावात पेशंट बघायचा. आम्हाला समजावताना ते म्हणाले, "मैदानावर शंभर पोरं असली तर मी काय प्रत्येकाला हजेरी विचारत बसत न्हाई. कॅप्टनला विचारतो." तीन नंबरनं विचारलं, कॅप्टन खोटं बोलला तर? सर म्हणाले, "बोलतो की. मी लई बघितलेत." म्हणून तिसरं. रोज सगळ्याचा सातवा हिस्सा, हळूहळू, कुणाला त्रास न होता, यादी आणि ठसे काही न मानता खरोखर उघडून बघायचा. आठवड्यात सगळं एकदा डोळ्याखालून जायचं.

रोजची फेरी नऊ मिनिटांत व्हायला लागली. माझ्यापेक्षा पाच मिनिटं कमी. सरांनी ते तीन दिवस मोजलं, वहीत लिहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. गुच्छ आणायचं व्यवस्थापकांच्या ध्यानात आलं तेव्हा सर कड्याला गेले होते.

त्रेपन्नांपैकी बावन्न माणसं सापडली. बहुतेकांचं सगळं ठीक निघालं. चार जणांना लेझर करावं लागलं. एक राहिली, गयाबाई. कड्याजवळच्या एका वस्तीवरची. कर्नाटकात तोडीला गेलेली, तिथून मुकादम बदलून आणखी पुढं गेली, फोन बंद. हंगाम संपला तरी ते कुटुंब परतलं नाही. सर दोनदा वस्तीवर जाऊन आले. घराला कुलूप होतं. खोलीतल्या पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी तिचं नाव लिहून ठेवलं आणि सफाईवाल्या मावशींना सांगितलं, तेवढं पुसायचं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांचं भाषण अर्धा मिनिट झालं. जाताना त्यांनी मला किल्ल्या दिल्या, वही दिली, फळ्याकडं एकदा बघितलं आणि गेले. आता वडवणीकडं शेतात असतात. किल्ल्या माझ्याकडं, म्हणजे एक नंबर मी झाले, पण मला कुणी तसं म्हणत नाही.

मागच्या हंगामाआधी कड्याच्या शिबिरात मी स्वतः गेले होते. रजिस्टरमध्ये सकाळी अठ्ठावीस नावं होती आणि त्यातलं एकोणिसावं गयाबाईचं होतं. गाव, वय, सगळं जुळत होतं. मी बाहेर डोकावले. पडवीत बाकावर बायका बसल्या होत्या. ऑपरेटरला विचारून मी ती कुठली ते बघून घेतलं. चाळिशीची, सडपातळ, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. फोटोआधी बाहुली मोठी करायचे थेंब तिच्या डोळ्यांत घातले होते, म्हणून डोळे मिटून बसलेली. थेंब चढल्यावर डॉक्टरांनी तिला आत एकदा तपासलं होतं, फोटो तेवढे राहिले होते. मी विचारलं. ते म्हणाले, उजवा ठीक आहे, डाव्यात बरंच पुढं गेलंय. कधीपासून? ते म्हणाले, मागचा फोटो असता तर सांगता आलं असतं.

मी झाडाखाली जाऊन सरांना फोन लावला. बहुतेक त्यांच्या विहिरीवरची मोटर चालू होती, आवाज येत होता. काय बदललं, असं त्यांनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं. गयाबाई आली आहे. डाव्या डोळ्याचंही सांगितलं. त्यांनी मोटर बंद केली असावी, कारण आवाज थांबला.

मी म्हणाले, "सर, तुम्ही येता का? वडवणीहून दुपारच्या गाडीनं निघालात तर मी तिला थांबवून घेते."

"मी कावून येऊ?" सर म्हणाले. रागावून नाही, अगदी साधं विचारल्यासारखं. "तू हायस की तिथं."

मग त्यांनी फोन ठेवला.

मी परत पडवीत आले. बाकावर तिच्या शेजारी जागा होती, तिथं बसले. तिला वाटलं मी पेशंट आहे, ती जरा सरकली. मी सांगितलं की मी दवाखान्यातली आहे, फोटो जिथं साठवतात ते काम माझं आहे. चार वर्षांपूर्वी इथंच तुमच्या डोळ्यांचे फोटो काढले होते, आठवतं का? तिनं डोळे मिटूनच मान हलवली. कर्नाटकात जायच्या आधी, म्हणाली.

"ते फोटो माझ्या हातून हरवले," मी म्हणाले. "यंत्राचा दोष नव्हता. मी एक काम घाईनं केलं, आणि ते बरोबर आहे का हे बघायची गरज नाही असं मीच म्हणाले. ते फोटो असते तर डावा डोळा कधी बिघडला ते आज कळलं असतं. कदाचित आधीच कळलं असतं. तुम्हाला शोधलं आम्ही, तुम्ही सापडला नाहीत."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मी वाट बघत बसले. तिनं रागवावं असं वाटत होतं आणि रागावू नये असंही वाटत होतं.

"किती फोटो हायत आसले तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, कोटीच्या घरात.

"मंग येवढ्यातनं माझंच नाव कसं ध्यानात राह्यलं?"

आतून तिचा नंबर पुकारला. थेंबांमुळं तिला समोरचं नीट दिसत नव्हतं आणि उंबरा उंच होता. मी उठले, तिची पिशवी एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं तिचा हात धरला आणि तिला कॅमेऱ्यापर्यंत घेऊन गेले.